कातळावरच्या जहाजाचा तेलवाला

बागेत सकाळी गेलं तर पांढऱ्या टोपीतला माणूस भेटायचा आणि दुपारी चारनंतर निळ्या टोपीतला. दोघे एकच होते, पण ही गोष्ट त्यांनी कधी कबूल केली नाही. सकाळी एखाद्या पोराला पाळण्यावरून उतरवलं म्हणून त्याचा बाप संध्याकाळी भांडायला आला, तर ते निळी टोपी सरळ करून शांतपणे म्हणायचे, "सकाळच्या पाळीला मी नव्हतो. तो माणूस जरा कडक आहे. उद्या सकाळी येऊन त्याच्याशीच बोला." बाप बहुधा परत यायचा नाही. आलाच, तर पांढरी टोपी त्याला ओळख दाखवायची नाही.

आम्हा मुलांना यातलं सगळं पाठ होतं. सकाळचा माणूस रांग मोडणाऱ्याला शेवटी पाठवायचा, नाक वाहत असलं तर नुसतं नळाकडे बोट दाखवायचा. संध्याकाळचा माणूस एका फेरीच्या तीन फेऱ्या द्यायचा आणि कोणी विचारलं तर "मोजायला विसरलो" म्हणायचा. त्यामुळे आम्ही आईकडे हट्ट धरायचो तो दुपारनंतरचाच.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून चढण चढून वर आलं की उघडा कातळ लागायचा. तिथे त्यांनी मुलांसाठी जहाजबाग उभी केली होती. मधोमध चिऱ्यांनी बांधलेलं, वरून निळं-पांढरं रंगवलेलं दोन मजली जहाज. शिडीने वर चढायचं, भोंगा वाजवायचा आणि मागच्या घसरगुंडीवरून खाली यायचं. एका अंगाला आठ होड्यांचा उंच पाळणा, दुसऱ्या अंगाला गोल फिरणारं चक्र. चक्राला घोडे नव्हते, मासे होते. मुशीवर, म्हणजे शार्कवर, बसायला मारामारी व्हायची आणि बोंबलावर बसायला कोणी तयार नसायचं. बोंबील रिकामा फिरतोय हे त्यांना बघवायचं नाही. मग ते स्वतः त्याच्यावर बसून एक फेरी मारायचे, गुडघे पोटाशी घेऊन, चेहऱ्यावर काहीही न दाखवता.

तीस वर्षं परदेशी बोटींवर काढून ते गावी परतले होते. लोक त्यांना कप्तान म्हणायचे आणि ते दर वेळी सुधारायचे. "कप्तान नाय, तेलवाला. कप्तान वर वाऱ्यात उभा असतो. आम्ही खाली इंजिनाजवळ. आम्ही हात थांबवला तर त्याची बोट जाईल कुठं?" समुद्र एवढा जवळ असताना जहाज डोंगरावर का बांधलं, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "पाण्यातली पुष्कळ बघितली. एक तरी न बुडणारं असू दे."

त्यांच्या हातात कायम लांब नाकाची तेलाची कुपी असायची. कुठलीही वस्तू कुरकुरलेली त्यांना सहन होत नसे. पाळणा, चक्र, फाटक यांना तर ते तेल घालायचेच, पण बागेबाहेर उभ्या केलेल्या स्कूटरचं स्टँड, भेळवाल्याच्या गाडीचं चाक, एका म्हाताऱ्या आजोबांच्या छत्रीची तार, हेही त्यांच्या तावडीतून सुटायचं नाही. माझ्या आईच्या चपलेचा एक पट्टा चालताना करकरायचा. एकदा त्यांनी तिला थांबवलं, खाली बसले, दोन थेंब सोडले आणि निघून गेले. आईला संताप आला होता. चप्पल मात्र पुन्हा करकरली नाही.

एका वर्षी आईच्या शाळेची सहल जहाजबागेत गेली आणि तिच्यासोबत मीही गेले. आम्ही ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. फाटक बंद होतं. आत पाळणा फिरत होता आणि त्याच्या प्रत्येक होडीत वाळूचं एक पोतं बसलेलं होतं, पट्टा बांधून. प्रत्येक पोत्यावर काळ्या रंगाने नाव लिहिलेलं. मामा. मोठी वहिनी. शेजारी. सगळ्यात फुगलेल्या पोत्याचं नाव सरपंच. ते खाली उभे राहून मान वाकडी करून ऐकत होते. रोज बाग उघडण्यापूर्वी हे व्हायचं म्हणे. सरपंच सुखरूप उतरल्याशिवाय कोणाचं मूल वर जायचं नाही.

आणि रडणाऱ्या मुलाला कशावरही बसवायचं नाही, हा दुसरा नियम. एकदा एक साहेबी थाटाचे गृहस्थ आले होते. त्यांचा मुलगा पाळण्याकडे बघूनच रडायला लागला. गृहस्थ म्हणाले, "बसवा हो त्याला. भीती मोडायला हवी."

"बरोबर," ते टोपी सरळ करत म्हणाले. "आधी तुमची मोडूया."

गृहस्थ हसत होडीत बसले. त्यांची होडी अगदी वर पोचल्यावर पाळणा थांबला. वर वारा भणाणत होता. थोड्या वेळाने गृहस्थांनी वरूनच विचारलं, "काही बिघडलंय का?"

"नाय."

"मग उतरवा ना."

"रडताय काय?"

"नाही, पण—"

"मग बसा."

खाली मुलगा रडणं विसरून हसायला लागला होता. बाप उतरला. त्याने मुलाचा हात धरला आणि दोघे निमूट माशांकडे गेले.

अख्ख्या बागेत एकच गोष्ट अशी होती की जिला ते तेल घालत नसत. जहाजाच्या पोटाला मागच्या बाजूने एक बुटकं लोखंडी दार होतं. आत त्यांनी भंगारातून आणलेलं जुनं इंजिन ठेवलं होतं. ते दार उघडलं की अंगावर काटा येईल असं करकरायचं. याला का नाही तेल घालत, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "हे ओरडायलाच ठेवलंय, बाय. कोण आत गेलं तर मला कळायला नको?"

आता एप्रिलमधल्या त्या रविवारचं सांगते.

मी नऊ वर्षांची होते, भाऊ पाच वर्षांचा. बाबा मुंबईला नोकरीला होते. गणपतीला आणि शिमग्याला यायचे. बाकीचं वर्षभर आई एकटी. ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि तिचा आवाज शेवटच्या बाकाच्याही पलीकडे जायचा. रविवारी तिला जरा पाय सोडून बसता यायचं. त्या दिवशीही ती सुरूच्या सावलीत तिच्या मैत्रिणीबरोबर बसली आणि मला म्हणाली, "त्याचा हात सोडायचा नाही."

पाळण्यावर बसायला खांबावरच्या लाल पट्टीएवढी उंची लागायची. भाऊ पट्टीच्या पुष्कळ खाली. मला तर पाळण्यातच बसायचं होतं. वरून खाडी दिसायची, पूल दिसायचा, पलीकडे डोंगराच्या टोकावरचा दीपस्तंभ दिसायचा. मी भावाला जहाजासमोरच्या नांगराजवळ उभं केलं. "हललास तर बघ," म्हटलं आणि जाऊन बसले.

निळी टोपी त्या दिवशीही मोजायला विसरली. पहिल्या फेरीला खाली आले तेव्हा भाऊ नांगराजवळ होता. दुसऱ्या फेरीला होता. तिसऱ्या फेरीला नुसता नांगर होता.

मी कोणाला सांगितलं नाही. आधी एकटीच शोधत फिरले. माशांखाली वाकून बघितलं, नळाकडे गेले, घसरगुंडीच्या मागे गेले. त्यात किती वेळ गेला कोण जाणे. मग आईसमोर जाऊन उभी राहिले. तिने माझ्या मोकळ्या हाताकडे बघितलं आणि ती उठली.

बागेच्या कुंपणापलीकडे जुनी चिरेखाण होती. जहाजाचे चिरे तिथूनच निघालेले. खाण खोल होती आणि तळाला हिरवं पाणी साचलेलं असायचं. गर्दीतला कोणीतरी म्हणाला, की एक लहान पोरगं तिकडे जाताना बघितल्यासारखं वाटतंय. आई धावली. एक चप्पल मागेच राहिली. ती भावाचं नाव घेऊन हाका मारत होती, पण तिचा तो शाळेतला आवाज कुठे गेला होता कोणास ठाऊक. घशातून नुसती हवा यावी तसं काहीतरी येत होतं. पाळण्याची मोटर, चक्राची मोटर, पोरांचा कालवा, त्यात तेही ऐकू जात नव्हतं.

त्यांनी दोन माणसांना खाणीकडे पिटाळलं आणि दोन्ही मोटरी बंद केल्या. पाळणा वर मुलं असतानाच थांबला.

"वर कोणी हलायचं नाय, बोलायचं नाय," ते म्हणाले. मग खालच्यांकडे वळले. "सगळ्यांनी खाली बसा. जिथं असाल तिथं. बाई, तुम्ही पण."

माणसं बसली. आई कुंपणाजवळ कातळावरच बसली, दोन्ही हात तोंडावर दाबून. ते डोळे मिटून मधोमध उभे राहिले. एवढी माणसं असून सुरूतून जाणारा वारा ऐकू येत होता. माझ्या कानात माझंच काळीज वाजत होतं आणि ते त्यांना ऐकू जाईल असं मला वाटत होतं.

मग कर्रर्र झालं. अगदी बारीक.

"पोटात आहे," ते म्हणाले आणि जहाजाच्या मागच्या बाजूला चालू लागले. पळाले नाहीत.

बुटकं दार वीतभर उघडं होतं आणि फटीतून भावाचा एक डोळा दिसत होता. आत जाताना मोटरींच्या आवाजात दार ऐकू आलं नव्हतं. सगळं एकदम गप्प झालं म्हणून तो बाहेर डोकावला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले होते. इंजिनाची चाकं फिरवत बसला होता.

"मी बोट थांबवली," तो आईला म्हणाला.

आईने त्याला एक थोबाडीत दिली आणि मग असं कवटाळलं की तो गुदमरून रडायला लागला. खाणीकडे गेलेली माणसं परत आली. सगळे हसायला लागले, कोणी पाणी आणलं. आणि मग आई माझ्याकडे वळली.

"तुला काय सांगितलं होतं मी?"

तिचा आवाज परत आला होता. मला समोर तिचा चेहरा दिसला, सगळ्यांचे चेहरे दिसले, आणि मी म्हणाले, "हे काका म्हणाले, तू जा पाळण्यात. मी बघतो त्याच्याकडे."

असं काही ते म्हणाले नव्हते. ते माझ्याशी त्या दिवशी एक शब्दही बोलले नव्हते.

आई त्यांच्याकडे वळली आणि पुढची पाच मिनिटं ती जे बोलली ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. मुलं सांभाळता येत नाहीत तर बागा कशाला काढता, हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य. माणसं माना डोलवत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पाळण्यातलं पोतं खाली येताना बघायचे, तसंच. मग त्यांनी निळी टोपी काढली आणि आईला म्हणाले, "चूक झाली, बाई. लक्ष द्यायला पायजे होतं."

पावसाळ्यात बाग बंदच असायची. दसऱ्याला पुन्हा उघडायची. त्या वर्षी दसरा गेला, दिवाळी गेली, बाग उघडली नाही. फाटकाला साखळी होती. नंतर मासे काढून नेलेले दिसले. मग पाळणा गेला. दोन वर्षांनी त्या जागी आंब्याची कलमं लागली.

माझ्यापुरता हिशोब सरळ होता. हळदीकुंकवाला, बारशाला, शाळेतल्या मधल्या सुट्टीत आई ती गोष्ट सांगायची. "देवाच्या कृपेने वाचला माझा मुलगा. त्या माणसाचं काडीचं लक्ष नव्हतं." ऐकणाऱ्या बायका आपापल्या मुलांना जवळ ओढायच्या. गोष्ट सुरू झाली की मी उठून आत जायची. मला वाटायचं, अशीच ती घरोघर गेली असणार, माणसं यायची थांबली असणार आणि म्हणून त्यांनी बाग मोडली. माझ्या एका वाक्याने. हे मी कोणालाही सांगितलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, नवऱ्याला सुद्धा नाही. माझी मुलं बागेत जायचं म्हणाली की मी त्यांना समुद्रावर न्यायची. ते आता नसतील, असंही मी मनाशी धरून टाकलं होतं. तेवढंच सोपं पडायचं.

मी रत्नागिरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. गेल्या वर्षी मालगुंडहून एक बाई आल्या. वडिलांची कवळी दुरुस्त करून मिळेल का, विचारत होत्या. त्यांनी रुमालातून कवळी काढली. डॉक्टर बराच वेळ ती उलटसुलट बघत राहिले.

"हे कोणी केलं?"

"वडलांनी," बाई म्हणाल्या. "चावताना कुरकुरते म्हणून कानस घेऊन बसले. किती सांगितलं, ऐकतील तर."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. मी विचारलं, "तुमचे वडील बोटीवर होते?"

"होय, तेलवाला होते. तुम्हाला कसं माहीत?"

पुढच्या रविवारी मी आरे-वारेच्या रस्त्याने मालगुंडला गेले. एरवी त्या चढावर कोणीही गाडी थांबवून समुद्र बघतो. मी बघितला नाही. काय बोलायचं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक वळणावर ते मोडत होतं.

ते पडवीत जाळं विणत बसले होते. खूप बारीक झाले होते, कानात मशीन होतं. मुलीने माझी ओळख करून दिली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि अशी गोष्ट मोठ्याने बोलणं फार अवघड असतं. ते विणत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "बस गो."

मी बसले.

"तू खोटं बोललीस ते मला कळणार नाय काय? मी तिथंच होतो ना."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुझी आई त्या वेळी कशी पेटलेली. तुझं नाव घेतलं असतं तर तुला तिथंच सोलली असती. मी काय, जन्मभर चीफ इंजिनियरच्या शिव्या खाल्ल्या. त्यात आणखी एक."

"पण माझ्यामुळे बाग बंद झाली."

त्यांनी पहिल्यांदा जाळं खाली ठेवलं. "तुझ्यामुळे?"

"आई सगळ्यांना सांगायची. लोक यायचे बंद झाले असतील."

"लोक?" ते म्हणाले. "त्या मे महिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरगं हरवलं कुठं, ते दार दाखवा म्हणून लोक यायचे."

"मग बंद का केलीत?"

त्यांनी आत मुलीची चाहूल घेतली आणि आवाज लहान केला. "पोरांचा कंटाळा आला. किती ओरडतात. बोटीवरचं इंजिन बंदरात तरी गप्प असतं."

मुलीला ते ऐकू गेलंच. ती आतूनच हसत म्हणाली, "तेच खरं, ताई. एक दिवस आले आणि म्हणाले, बाग विकली, आता मासे धरणार. माशांना आवाज नसतो."

मी हसायला गेले आणि रडायलाच लागले. ते घाबरले नाहीत. पुन्हा जाळं उचललं आणि मी थांबेपर्यंत विणत राहिले. मग म्हणाले, "आईला सांगितलंस काय?"

"नाही."

"आहे ना ती?"

"आहे."

"मग सांग. तिला उगीच माझा राग धरून बसायला लावलंस. वय झालं असेल आता तिचं."

त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तिने निवडलेली जुडी पुन्हा निवडायला घेतली. "किती जणींना सांगितलं मी ते," एवढंच म्हणाली. शनिवारी मात्र तिने ओल्या नारळाच्या वड्या केल्या, डबा बांधला आणि विचारलं, "मालगुंडला जायचं तर सकाळी किती वाजता निघावं लागेल?"

स्कूटरवर माझ्या मागे बसून सत्तरी ओलांडलेली माझी आई मालगुंडपर्यंत एक शब्दही बोलली नाही. वाक्यं जुळवत असणार. अंगणात उतरल्यावर तिने पदर सारखा केला आणि पडवीसमोर ताठ उभी राहिली.

"मी तुम्हाला त्या दिवशी नको नको ते बोलले," ती म्हणाली. "चुकलं माझं."

त्यांनी कानाला हात लावला. "काय?"

"चुकलं म्हटलं माझं. तुमचा काही दोष नव्हता."

"काय म्हणता?"

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मग श्वास घेतला आणि शेवटच्या बाकाच्या पलीकडे जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "तुमचा काही दोष नव्हता. माझीच चूक झाली. मला माफ करा."

शेजारच्या घरातून एक बाई पोळपाट हातात घेऊन बाहेर आली. समोरच्या गड्याने नारळ सोलायचं थांबवलं.

"पहिल्या वेळेलाच ऐकू आलं होतं, बाई," ते म्हणाले. "पण माझी बाजू कोण एवढी चांगली मांडतंय तर म्हटलं शेजाऱ्यांना पण ऐकू दे."

आई मग पदर तोंडाला लावून पडवीच्या पायरीवर बसली आणि हसू आवरेना तेव्हा डबा माझ्याकडे दिला. पुढचे दोन तास ती दोघं बोलत होती. कोणत्या बंदरात काय खायला मिळतं, हल्लीच्या पोरांना पाढे येत नाहीत, गुडघ्याला कसलं तेल बरं. मुलगी चहा घेऊन आली, शेजारची बाई पोळपाट ठेवून गप्पांत येऊन बसली. मी खालच्या पायरीवर होते. मला कोणी काही विचारत नव्हतं, आणि ते फार बरं वाटत होतं.